मधला भाग

प्रत एकच आली. वाचणारे आम्ही नऊ.
म्हणून पाव कापायच्या सुरीनं
मी कादंबरीचे तीन भाग केले.
ग्रंथपालानं असं करू नये, ठाऊक आहे मला.
पण या कझाक माळावर हिवाळा सहा महिन्यांचा
आणि पुस्तकांची गाडी वर्षातून दोनदा.

गुरांच्या जुन्या दवाखान्यात आमचं वाचनालय.
भिंतीवर अजून लाळ्या-खुरकुताचा तक्ता,
त्याखाली शेगडी, दुधाचा खारट चहा,
आणि बाकावर दाटीवाटीनं बसलेली मतं.

गोष्ट अशी: एक यान पृथ्वी सोडून निघालंय.
पोहोचायच्या आत आतली माणसं मरणार,
नातवंडं छतालाच आकाश म्हणणार.

झाऊरेशच्या वाट्याला पहिला भाग.
"निरोप फार लांबवलाय," ती म्हणाली.
"जाणारा माणूस एवढं बोलत नाही.
माझा नवरा करागंडाच्या खाणीवर गेला
तेव्हा त्यानं विचारलं, मोजे कुठे ठेवलेस."
तिला खरं तर शरदात आलेली ती दुसरी आवडली होती,
जिच्यात एक विधवा तीनशे पानं घर आवरते
आणि काहीच घडत नाही.
"काहीच कसं नाही?" तिनं टेबलावर बोट आपटलं,
"दोनशे बाराव्या पानावर ती त्याचा कप फोडते.
मग तुकडे धुऊन, पुसून
फळीवर होते तिथे ठेवते."

वेल्डर सेरिमबेतला काळजी यानाच्या सांध्यांची.
"एवढ्या थंडीत असले जोड टिकत नाहीत.
लेखकानं उभ्या जन्मात हातोडा धरलेला नाही."
पण दोन वाजेपर्यंत जागलो,
हेही त्यानं सांगून टाकलं, कुणी न विचारता.

इंकार सोळा वर्षांची.
आमच्या भाषेत या नावाचा अर्थ ओढ;
दुसऱ्या एखाद्या भाषेत उलटाही असेल.
तिच्याकडे शेवट होता, आणि तो तिनं आधी वाचलेला,
त्यामुळे कुणाचंच तिला पटेना.
"तुम्ही सगळे चुकताय," एवढंच म्हणायची
आणि नखं कुरतडायची.

तेमिरखान दोन बैठका गप्प बसला होता.
त्याच्या मेंढवाड्यावर जे छप्पर आहे
ते आकाशातून पडलेलं आहे.
पत्र्यावर अजून आकडे दिसतात,
पाऊस त्यावर वेगळा वाजतो.

"माझ्याकडच्या भागात," तो म्हणाला,
"रिकामा टप्पा सुटतो. एक ओळ. एकच.
टप्पा सुटला आणि यान हलकं झालं.
कुठे पडला?
आमच्याकडे पडला तेव्हा गवत पिवळं पडलं,
राखाडी घोडी त्या वर्षी व्यायली नाही.
मी पुढची चाळीस पानं वाचली,
आतलं कुणीतरी एकदा खाली बघेल म्हणून."

शेगडीतली गोवरी ढासळली.
सेरिमबेत म्हणाला, कादंबरीला एवढं विचारायचं नसतं.
"मग काय विचारायचं?" झाऊरेश म्हणाली. "हवामान?"

इंकारनं कोटातून शेवटचा भाग काढला,
त्याच्यासमोर सरकवला.
"हा घ्या. शेवटी बघतं कुणीतरी. बहुतेक.
मला नीट कळलं नाही."
ती पहिल्यांदाच असं म्हणाली.

तेमिरखाननं त्यावर पंजा ठेवला,
जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा,
आणि परत तिच्याकडे ढकलला.
"नको. माझं मधलंच संपलेलं नाही."

माझ्या वहीत मताचा रकाना बोटभर रुंद.
त्याच्यापुढे मी लिहिलं: घोडीचा उल्लेख नाही.

बर्फ वितळला की जिल्ह्याचे तपासनीस येतील.
कपाटात टाके घालायची वाकडी सुई सापडलीय,
गाईम्हशींसाठीची, जाड दोऱ्यासकट.
पहिला भाग परत आलाय. शेवटचाही,
कडा कुरतडलेल्या.
मधला तेमिरखानकडे,
मुदत उलटून तीन आठवडे झाले,
आणि मी अजून निरोप धाडलेला नाही.